डबा रिकामा द्यायचा नाही

अंबिकावहिनींच्या डोक्यात एक हिशेब कायम चालू असे, आणि तो पैशाचा नव्हता. पैसे त्यांचे यजमान श्रीनिवासराव बघत. वहिनींचा हिशेब भांड्यांचा. कुणाचं पातेलं कुणाकडं अडकलंय, कुणाची वाटी कुणाच्या फळीवर पालथी पडलीय, कुणी चांगले चार लाडू ठेवून घेऊन ताटलीत नुसती चिमूटभर साखर टाकून परत केली, हे सगळं त्यांना तोंडपाठ. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा बेगमपुऱ्यातल्या त्या गल्लीचा कायदा. निजाम गेला, नवं सरकार येऊन वीस वर्षं होत आली, पण या कायद्याला हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती.

पौषातल्या एका सकाळी तात्यासाहेब मफलर गुंडाळून दारात उभे राहिले. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर, आणि परसात गल्लीतला एकुलता एक गोड्या पाण्याचा आड. जुन्या राज्यात ते पेशकार होते. कचेरी सुटली, पण जीभ अजून कचेरीतच बसलेली.

"वहिनी, ताकीद द्यायला आलोय. आजपासून त्या दगडाबाईशी देणंघेणं बंद. सगळ्यांना सांगून झालंय. आडाचं पाणी तर मी कालपासूनच मना केलंय. अमावस्येपर्यंत बाई बिऱ्हाड उचलते की नाही बघा."

"पण तिनं केलं काय?" वहिनींना ठाऊक होतं, तरी विचारलं. समोरच्याला उत्तर द्यायला लावलं की तो किती पाण्यात आहे ते कळतं, हा त्यांचा अनुभव.

"काय केलं? ओट्याची धर्मशाळा केली! दवाखान्यात येणारं प्रत्येक खेडवळ तिथं पथारी टाकतं. धूर काय, खोकला काय, भलत्यासलत्या माणसांची ये-जा काय. अब्रूदार लोकांची गल्ली आहे ही."

दगडाबाई मूळची कन्नड तालुक्यातली. नवऱ्याला घेऊन इथल्या मोठ्या दवाखान्यात आली होती. तो वॉर्डात, ही बाहेर भिंतीच्या कडेला. भाकरीपुरती तीन दगडांची चूल मांडली की कुणी ना कुणी हुसकायचं. नवरा गेला. बाई मात्र गावाकडं परतली नाही. मोंढ्यात धान्य पाखडायचं काम धरलं आणि या गल्लीत दोन खोल्या घेतल्या, त्या खोल्या बघून नव्हे, पुढचा लांबलचक ओटा बघून. तेव्हापासून ओट्याच्या एका टोकाला चूल पेटलेली आणि वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधलेलं. घरमालक हैदराबादेत. त्याची काही तक्रार नव्हती. म्हणून तर तात्यासाहेबांना हा बहिष्काराचा बंदोबस्त करावा लागला.

वहिनी काही शूर बाई नव्हत्या. रोजच्या दोन घागरी त्यांनाही त्याच आडातून आणायच्या होत्या. विचार केला, आपलं खातं तेवढं मिटवून टाकावं. फळीवर दगडाबाईचा पितळी डबा होता. गेल्या आठवड्यात त्यातून करडईची भाजी आली होती. डबा परत केला की आपण मोकळ्या. रिकामा तर देता येत नाही, म्हणून गुळाचा एक खडा टाकला. खडा टाकताना दोनदा पाहिला, मोठा वाटला, थोडा फोडून घेतला. संबंध तोडायला किती गूळ लागतो, याचा काही रिवाज ठरलेला नव्हता.

ओट्यावर भागूबाई भाकरी थापत होती. वैजापूरकडची. नवऱ्याच्या, सांडूच्या, पोटाचं ऑपरेशन झालेलं, आणि त्याला घरच्यासारख्या भाकरीशिवाय घास उतरेना. दगडाबाई लांबच्या सरकारी नळावरून घागर घेऊन नुकतीच येत होती. पदर खांद्यापर्यंत भिजलेला.

तिनं घागर उतरवली, डबा घेतला, झाकण उघडलं.

"गूळ? तोंड गोड करून निरोप देता व्हय, वैनी?"



"तसं नाही गं..."

"तसंच हाय. लाजू नका. सकाळधरनं तिघी येऊन गेल्या. एकीनं मीठ घातलंय, एकीनं मूठभर तांदूळ. लई चांगल्या बाया, रिकामं कुणीच दिलं नाय." दगडाबाई हसली. "पर मी नाय जायाची. आड बंद केला, नळ हाय. नळ बंद केला, तर खाम नदी कुठं पळाली नाय. तात्यासायबाला म्हणावं, अमावस्या धा येऊ द्या."

मग डबा उलटा करून तिनं बुड पाहिलं.

"आन् ह्यो डबा माझा नाय. माझ्याला बुडाला पोचा हाय. ह्याच्यावर अक्षरं हायेत. मेलं घाईत त्यातच भाजी घालून दिली वाटतं तुम्हाला."

वहिनींनी डबा हातात घेतला. बुडावर ठोकून नाव घातलेलं होतं: सौ. दमयंती.

"हा तर काकूंचा! तात्यासाहेबांच्या घरचा!"

"त्या गोऱ्या काकू व्हय?" भागूबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "त्या रोज दुपारी मागल्या दारानं येत्यात. कधी ताक, कधी मऊ भात. आमच्या माणसाला आपरेशनानंतर पयला घास त्यांच्याच भाताचा गेला. म्हणत्यात, कुणाजवळ बोलू नको. आता तुमच्याजवळ बोलले, तुम्ही बी बोलू नका."

अंबिकावहिनी ओट्यावर टेकल्या. गल्लीतल्या प्रत्येक वाटीची नोंद असलेल्या त्यांच्या डोक्यात ही नोंदच नव्हती. एक बाई पेशकाराच्या नाकाखालून रोज ताक काढते, आणि आपण दिवसाढवळ्या पुढल्या दारानं गुळाचा फोडलेला खडा घेऊन आलो. त्यांना गुळाची लाज वाटली. मग तात्यासाहेबांचा राग आला. लाजेपेक्षा तो बरा वाटला.

"दगडाबाई, डबा भर. मी पोचवते."

"गूळ राहू देऊ त्यात?"

"काढ तो. मेला, खडा तरी आहे का तो!"

भागूबाईनं गरम दोन भाकरी दुमडून घातल्या, दगडाबाईनं वर ठेचा ठेवला. वहिनी निघाल्या त्या मागल्या दाराकडं नव्हे. भागूबाई मागून ओरडली, "अवो बाई, तिकून नका! काकूंना बोलणी बसतील!" तेव्हा कुठं वहिनींच्या ध्यानात आलं, की आपला राग निघेल, पण भोगावं लागेल दुसरीला. पाय रेंगाळले. पण तोवर तात्यासाहेबांनी ओसरीवरून पाहिलं होतं.

"या. दिलीत परत भांडी? झालं मोकळं?"

"झालं म्हणजे..."

"मग हा कुणाचा डबा?"

"माझा," वहिनी म्हणाल्या आणि डबा पोटाशी धरला, बुड आत करून. "काकूंना थोडा ठेचा आणला होता."

दमयंतीकाकू आतून हात पुसत आल्या. त्यांनी डबा पाहिला. आपलं भांडं बाईला दहा पावलांवरून ओळखू येतं, त्याला नाव वाचावं लागत नाही. त्यांनी वहिनींच्या तोंडाकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि पुढं होऊन डबा सरळ काढून घेतला. उलटा केला. नवऱ्याच्या चष्म्यासमोर धरला.

"माझा आहे. वाचा. नाव तुम्हीच घालून आणलं होतंत."

"मग ह्यांच्याकडं कसा?"

"दगडाबाईकडून. मी रोज नेऊन देते. आज ठेचा आलाय."

तात्यासाहेब उठून उभे राहिले. "माझ्या घरातून? मी गल्लीला ताकीद देत फिरतो आणि माझ्याच घरातून?"

"हो. आणि आता हा भरून आलाय. मी रिकामा कसा देऊ?"

"हे बघ, परक्या लोकांचं..."

"परके?" काकूंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि वहिनींना तो जास्त धडकीचा वाटला. "रझाकारांच्या धामधुमीत गाव सोडून लासूर स्टेशनावर उतरलो, तेव्हा आपण कोण होतो? तुम्ही तापानं फणफणलेले. एका बाईनं ओट्यावर जागा दिली, पेज दिली. जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. तिनंही अमावस्येपर्यंतची मुदत घातली असती, तर आज ताकीद द्यायला तुम्ही असता का?"

तात्यासाहेबांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला.

"तू माझा हुकूम मोडतेयस."

"मोडतेय. आणि आता पुढल्या दारानं मोडणार."

काकू आत गेल्या, डबा रिकामा करून त्यात मऊ भात भरून आणला. मग परसात गेल्या. आडाची कप्पी करकरली. घागर काखेला, डबा हातात घेऊन त्या गल्लीतून मधोमध चालत निघाल्या. साठीची बाई, भर दुपारी, पदरावर पाणी हिंदकळतंय. मागं अंबिकावहिनी, हात मोकळे म्हणून उगाच अवघडलेल्या. वाटेत आपलं घर लागताच त्या आत शिरल्या आणि पाण्याचा भरलेला तांब्या घेऊन आल्या. सकाळी मीठ टाकून गेलेली शेजारीण दारात उभी होती. ती आत वळली, आणि तिच्या घरातून पातेल्यांचा खणखणाट ऐकू आला.

त्या दोन भाकऱ्या? तात्यासाहेबांनीच खाल्ल्या. ठेचा फार तिखट आहे, अशी तक्रार करत शेवटच्या तुकड्यानं ताट पुसून घेतलं. हे काकूंनी वहिनींना सांगितलं, आणि वहिनींनी, कुणाला सांगू नका म्हणून, सगळ्या गल्लीला.

अमावस्येच्या सकाळी भागूबाई नवऱ्याला धरून चालवत दवाखान्यातून घेऊन आली. सांडू अर्ध्यानं वाळला होता, पण पायांवर उभा होता. एस.टी.ला वेळ होता. तिनं वहिनींचा तांब्या घासून लख्ख करून परत दिला. आत एक कांदा होता.

"वैजापूरचा हाय," ती म्हणाली. "येताना बांधून आणलेल्यातला शेवटला ऱ्हायला व्हता."

वहिनींनी कांदा काढून पदरात बांधला, तांब्या पुन्हा पाण्यानं भरला आणि ओट्यावरच ठेवला. लासूरकडचं एक नवंच माणूस पथारी पसरत होतं, आणि दगडाबाई त्याला चुलीची जागा दाखवत होती.

ओसरीवरून तात्यासाहेब हे सगळं बघत होते. वहिनी घागर घेऊन आडावर आल्या, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"वहिनी, आज अमावस्या ना?"

"आजच की." वहिनींनी दोर सोडला. "पुढची कधी आहे, ते पंचांगात बघून ठेवा."