आणखी एक भाकरी

विश्रामबागेतल्या माझ्या दुकानात मी प्रबंध टाइप करून देतो. प्रत्येकाच्या मजकुरात चुका असतातच. पीएच.डी. करणाऱ्या उत्कर्षानं घेतलेल्या मुलाखतींत मात्र कुठं अडखळणं नाही, तक्रार नाही, आणि तिथंच मला खटकलं.

परदेशी पर्यटक साताऱ्याकडे कसे वळतात, हा तिचा विषय. तिच्या मंगलआत्याचं घर कासच्या वाटेवर. तिथं असे पाहुणे मुक्कामाला उतरतात. त्यांतल्या बारा जणांच्या तिनं तास-तासभर सखोल मुलाखती घेतल्या होत्या. प्रबंध सोमवारी द्यायचा होता.

रेकॉर्डिंग ऐकून टाइप करता करता मी मोजत गेलो. 'इथंच का आलात?' यावर पहिल्या नऊ जणांचं उत्तर एकच: इथली माणसं फार प्रेमळ. बेल्जियमचा मास्तर तेच म्हणतो, कोरियाची नर्सही तेच. विमानाचं तिकीट काढतानाच यांना मंगलबाई भेटल्या होत्या की काय?

दहाव्या रेकॉर्डिंगमध्ये उलगडा झाला. "हात धुऊन येते," म्हणून उत्कर्षा उठलेली, रेकॉर्डर चालूच. लगेच आत्याचा आवाज, "पोरीच्या डॉक्टरकीचं हाय बाबा. समद्यांस्नी सांगते तसं तुमास्नी बी सांगते, चांगलं-चांगलं बोला. आन् आणखी एक भाकरी घ्या." पाठोपाठ मोबाइलमधल्या भाषांतर करणाऱ्या बाईनं तेच इंग्रजीत ऐकवलं, भाकरीसकट. पाहुणा हसून "ओके, ओके" म्हणाला.

उत्कर्षाला बोलावून ऐकवलं. तिनं दोनदा ऐकलं.

"काका, एवढंच काढून टाकता येईल?"

"मिनिटाचं काम. पण बाकीच्यांचं काय करशील?"

ती खुर्चीत बसली. "त्या जर्मन बाई आल्या आल्या म्हणाल्या होत्या, गोव्यात गर्दी फार म्हणून इकडं आले. रेकॉर्डर लावल्यावर म्हणाल्या, माणसं प्रेमळ. मला तेव्हाच कळायला हवं होतं." मग हळूच म्हणाली, "सर खूश आहेत हो. आणि बाबांनी आटपाडीत घरोघर सांगून ठेवलंय, पोरगी डॉक्टर होणार."

मी रेकॉर्डिंग परत त्याच जागेवर आणून ठेवलं.

"टाइप करा," ती म्हणाली. "आत्याचं बोलणंपण. सरांना मीच दाखवते."

तेवढ्यात आत्याचाच फोन. आवाज मलाही ऐकू येत होता. "उत्के, कवा व्हतीस गं डॉक्टर?"

"एवढ्यात न्हाई आत्या. नव्या पाहुण्यांना परत पहिल्यापासनं इचारावं लागंल."

पलीकडचा आवाज एकदम बारीक झाला.

"का गं? जेवणात काय कमी पडलं व्हय?"