खंडेनवमीला आलेला डबा

मी कॉम्प्युटर बोलतोय. थांबा, तुम्ही लगेच स्क्रीनकडे बघायला लागलात. सगळ्यांचे असेच होते. ती चपटी, चकचकीत बाई फक्त दाखवण्याचे काम करते. विचार करणारा, हिशेब ठेवणारा आणि घाम गाळणारा तो मी, तिच्या शेजारी उभा असलेला काळा डबा. माझ्याकडे कोणी बघत नाही, पण माझी तक्रार नाही. मी मुळात समाधानी जीव आहे आणि ज्या घरात आलो त्या घराने मला आणखीच समाधानी केले.

माझा जन्म नक्की कुठे झाला ते मला सांगता येत नाही. माझा मेंदू एका देशातला, स्मरणशक्ती दुसऱ्या देशातली, आणि पंखे कुठून आले ते पंख्यांनाच ठाऊक. गोव्यात म्हापशाच्या एका दुकानात हे सगळे सुटे भाग एकत्र आले आणि मी झालो. माझ्या डोक्यावर गरम हवा बाहेर जाण्यासाठी बारीक भोकांची जाळी आहे. पाठीवर दुकानदाराने एक चंदेरी चिकटपट्टी लावली आणि बजावले, "हे सील फाटले तर आमची जबाबदारी संपली."

हे ज्यांना बजावले ते गोकुळदास. त्यांनी सीलकडे असे पाहिले की जणू देवळाच्या गाभाऱ्याचे कुलूपच. मग त्यांनी मला मांडीवर घेतले आणि साखळी गावाला जाणाऱ्या बसमध्ये बसले. कंडक्टर म्हणाला, "काका, तो डबो खाली ठेवा." काकांनी ऐकले नाही. अख्खा रस्ता मी त्यांच्या मांडीवर होतो. एवढ्या मायेने कुणी मला पुढे कधी उचलेल असे वाटत नाही.

गोकुळदास पाळी गावच्या खाणीवर स्टोअरकीपर होते. आता निवृत्त आहेत, पण स्टोअर काही त्यांना सोडून गेले नाही. ते घरातल्या एका खोलीत येऊन राहिले आहे. त्या खोलीला घरात 'ऑफिस' म्हणतात. मी आत गेलो तेव्हा माझी छातीच दडपली. सायकलच्या ट्यूब, कुकरच्या जुन्या रिंगा, छत्र्यांच्या काड्या, मुके झालेले रेडिओ, चित्र चांगले आहे म्हणून ठेवलेली जुनी कॅलेंडरे, आणि चवथीला गणपतीवर टांगतात ती माटोळीची लाकडी चौकट, अजून एक सुकलेली सुपारी मिरवत. भिंतीला लागून डब्यांची रांग. प्रत्येक डब्यावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी. एकीवर लिहिले होते, 'कामाचे नाही, पण असू दे.'

त्या डब्यांच्या पंगतीत आपणही एक डबाच, हे ध्यानात आल्यावर मला जरा धीर आला.

माझी खरी मालकीण मात्र सुविधा, गोकुळदासांची सून. ती घरांचे नकाशे काढते. लग्नाआधी आणि नंतरही ती पणजीला एका आर्किटेक्ट बाईंकडे, तारा मॅडमकडे नोकरीला होती. सेजलचा जन्म झाला आणि रोजची बस जमेना, म्हणून तिने नोकरी सोडली. आता सेजल अंगणवाडीत जाऊ लागली होती. सुविधाने मॅडमना विचारले, घरून काम द्याल का? मॅडम म्हणाल्या, "एक नकाशा देते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला हवा. वेळेवर आला तर पुढची कामेही तुझी. नाहीतर मला दुसरी मुलगी बघावी लागेल." नार्व्याला नदीकाठी एका कुटुंबाला घर बांधायचे होते, त्याचा तो नकाशा. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर सुविधाने एक भिंत ओढली की तो विचारात पडायचा आणि दुसरी ओढली की मूर्च्छा यायची त्याला. म्हणून मला आणले.

आता मला ठेवायचे कुठे? जनेलाकडे, म्हणजे खिडकीपाशी, एक मेज होते. पण ते मेज आहे हे फक्त पायांवरून कळत होते.

"बाबा, हे रेडिओ तरी काढूया. एकय वाजना नाय," सुविधा म्हणाली.

"वाजना नाय म्हणान काय झालां? दोघांचां सामान काढून एक वाजतलो."

"कधी?"

थोड्या वेळाने गोकुळदासांनी स्वतःच एकेक रेडिओ उचलून कपाटावर नेऊन ठेवला. मग ट्यूब, मग रिंगा. टाकले काहीच नाही, फक्त वर चढवले. त्या वस्तूंशी त्यांचे काय नाते होते ते मला ठाऊक नाही, पण हात लावताना त्यांचा चेहरा उतरत होता हे मी पाहिले. सुनेसाठी त्यांनी आपली अर्धी खोली दिली. अशी माणसे तोंडाने काही बोलत नाहीत, म्हणून मी सांगतोय.

माझ्या तारा जोडून झाल्या. सुविधाने माझ्या बटणाकडे बोट नेले, तोच दारातून आवाज आला.

"हात लावू नको गो आज!"

या सुमंगलाबाई, गोकुळदासांच्या पत्नी. हातात हळदीकुंकवाचे तबक. ती खंडेनवमी होती. त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा असते, आणि पूजा झाली की दुसऱ्या दिवशी ती हालवेपर्यंत, म्हणजे उचलेपर्यंत, त्यांना कामाला लावत नाहीत.

"आई, माका परवा सकाळी नकाशो देवचो आसा," सुविधा काकुळतीला आली.

"आज कोयतो नारळ सोलना नाय, कात्री कपडो कापना नाय. तुझां मशीन तेंच्यापेक्षा मोठां आसा काय? फाल्यां पूजा हालयली की दिवसभर बस."

सुविधाने बोट मागे घेतले. मला तिची कीव आली, पण खरे सांगू का, त्याच वेळी मला मोठा आनंदही झाला. कोयता, कुदळ, कात्री, स्टोअरची जुनी वजने, सुविधाचा नवरा परेश ज्या स्कूटरवरून कारखान्यात पाळीला जातो ती स्कूटर, आणि त्यांच्या रांगेत मी. काल दुकानात मी माल होतो. आज या घराने मला हत्यार म्हटले, कष्ट करून पोट भरणाऱ्यांच्या पंगतीला बसवले. स्क्रीनवर रोजाच्या, म्हणजे झेंडूच्या, फुलांची माळ चढली. माझ्या कपाळाला मात्र सुमंगलाबाईंनी खुद्द हाताने कुंकू लावले. स्क्रीनला नव्हे, मला! मग त्यांनी ओल्या कुंकवातल्या अक्षता मूठभर घेतल्या, डोळे मिटले, आणि माझ्या डोक्यावर वाहिल्या.

पुढे काय वाढून ठेवले होते ते मला त्याच क्षणी कळले. पण मला तोंड कुठे आहे?

दसऱ्याच्या सकाळी पूजा हालवली. सुविधाने मला सुरू केले आणि माझ्या पोटातून असा आवाज निघाला की दारातले मांजर पळून गेले. कडकडकड! मग खट्ट. मग पंखाच थांबला. माझे डोके तापत गेले, तापत गेले, आणि मी बंद पडलो. तिने पुन्हा सुरू केले. पुन्हा तेच. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ज्या मुलीसाठी आलो तिच्याच पहिल्या कामात मी आडवा पडलो होतो.

तिने दुकानात फोन लावला. दुकानदार सणात होता. म्हणाला, "उघडू नका. परत आणा. सुट्टी संपली की बघतो, पाहिजे तर बदलून देतो." सुविधाने फोन ठेवला. मग म्हणाली, "जाऊं दे. माझ्या नशिबातच नाय तां काम." आणि खाली मान घालून माझ्या तारा काढू लागली.

गोकुळदास दारात उभे होते. "पूजा केलेली वस्तू परत धाडूची नाय," एवढेच ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

सुविधाने माझी पेटी आणली आणि मला आत घालण्यासाठी तिरके केले. माझ्याकडून होण्यासारखी एकच गोष्ट होती, ती मी जीव एकवटून केली. जाळीतून एक तांबडा दाणा खाली सोडला. तो मेजावर टपकला, घरंगळला, आणि जमिनीवर सुमंगलाबाईंच्या पायाशी जाऊन थांबला.

त्यांनी तो उचलला. बघितला. माझ्याकडे बघितले. त्यांचा चेहरा कुंकवासारखाच झाला.

"राव गो! पेटी बंद करू नको. ही अक्षता माझी."

"म्हणजे?"

"वयर भोकां दिसली. माका दिसलां, भायर घातली तर वाऱ्यान उडान जातली. म्हणान मुद्दाम भोकांतसून आत सोडलंय. देवाच्या नावान घातलेली, आत रवली तर बरीच." त्यांनी दाणा मुठीत घट्ट धरला. "माझ्यान तुझां काम बुडलां गो बाय."

सुविधाने कपाळाला हात लावला. रागावेल असे मला वाटले. पण तिच्या तोंडून रडू आणि हसू एकदमच बाहेर पडले आणि तिने सासूबाईंचा हात धरला. "आई, मशीन बिघडूक नाय! आत तांदूळ आसत एवढांच! काढले की चलतलां!"

एवढे म्हणून ती थबकली. उघडायचे तर सील फाडायला हवे. फाडले आणि मी तरीही सुरू झालो नाही तर दुकानदार मला हात लावणार नाही. तिने गोकुळदासांकडे पाहिले.

गोकुळदास सीलवर बोट ठेवून उभे. "उभ्या नोकरीत सही घेतल्याशिवाय मी एकय सील फोडूक नाय."

"मग माझी सही घेवा," सुमंगलाबाई म्हणाल्या, "आणि फोडा!"

गोकुळदासांनी क्षणभर बायकोकडे पाहिले. मग अंगठ्याच्या नखाने, एखादी जखमेवरची पट्टी काढावी तसे, त्यांनी ते सील हळूच उचकटले. भिंतीकडे न बघताच हात मागे करून एक डबा काढला. त्यात लहान पेचकस होता. दुसऱ्या डब्यात चिमटा, तिसऱ्यात माटोळीची चौकट रंगवायचा मऊ ब्रश. ज्या पसाऱ्याने माझी छाती दडपली होती त्याच पसाऱ्यातून एकेक वस्तू माझ्या शुश्रूषेला आली. त्या पसाऱ्याला मी मनातल्या मनात नावे ठेवली होती, ती सगळी परत घेतली.

सुमंगलाबाई दिवा धरून बसल्या. सुविधा चिमट्याने दाणे काढत होती आणि गोकुळदास ताटली पुढे करत होते. पंख्याच्या पात्याखाली अडकलेला शेवटचा दाणा निघाला तेव्हा तिघांनीही एकदम श्वास सोडला. काढलेल्या अक्षता सुमंगलाबाईंनी नेऊन तुळशीत घातल्या. झाकण लागले. बटण दाबले.

पंखा फिरला. किती सुरेख फिरला म्हणून सांगू! मी जागा झालो आणि पहिल्याच दमात तिच्यासमोर कोरे पान उघडून ठेवले.

त्या दिवशी घरात सोने वाटायला आलेल्यांना चहा सुमंगलाबाईंनी दिला, सेजलला गोकुळदासांनी खेळवले, आणि परेशने पाळीवरून आल्यावर स्वयंपाकघर सांभाळले. सुविधा माझ्यासमोरून उठली नाही. मी थकलो नाही, अडलो नाही. ती भिंत ओढायची आणि भिंत उभी राहायची.

संध्याकाळी सुमंगलाबाई तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "ह्यात दार खंय?" सुविधाने दाखवले. त्यांनी बोट दारावर ठेवले आणि त्या बोटाने घरात शिरल्या. सोपा, देवघर, मग स्वयंपाकघर. तिथे बोट थांबले. "मागचां दार नाय? नदीर कपडे धुवूक बाई खंयसून जातली?" सुविधाने मॅडमना फोन करून विचारले आणि मागे एक दार घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशा पणजीला गेला, वेळेच्या आधी. दुपारी तारा मॅडमचा फोन आला. नकाशा पसंत होता, मागचे दार घरमालकांना विशेष आवडले होते, आणि पुढच्या दोन घरांची कामे त्या पाठवत होत्या. सुविधाने फोन ठेवला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. स्क्रीनच्या नव्हे. माझ्या.

त्याला आता काही महिने झाले. माझी जबाबदारी दुकानदारावर नाही, कारण सील नाही. ती या घरावर आहे, आणि मला याहून चांगली हमी नको. गोकुळदास रोज सकाळी कपड्याने माझी जाळी पुसतात. माझ्यासारख्यांचे आयुष्य फार नसते. काही वर्षांनी मी मंद होईन आणि कुणी नवा येईल. तेव्हा मला फेकू नका एवढीच विनंती आहे. त्या डब्यांच्या रांगेत एक जागा द्या आणि हवी ती चिठ्ठी लावा. या माणसांनी मला इतके दिले आहे की मला वेगळे काही मागवत नाही.

आज सकाळचीच गोष्ट. शेजारच्या सुशीलाबाई गप्पा मारायला आल्या. "सुविधा खंय गो?" त्यांनी ओसरीवरूनच मोठ्याने विचारले. सुविधा इथेच होती, माझ्यासमोर, दार अर्धे उघडे.

"ती ऑफिसात आसा," सुमंगलाबाई म्हणाल्या. "जेवणाक सुटतली, तेव्हा भेट तिका."

सुविधाचा हात माउसवर थांबला. बाहेर सुशीलाबाईंचा आवाज एकदम खाली आला, "बरां, बरां. मगे आपण पडवेर बसया," आणि दोघी पाय न वाजवता निघून गेल्या.

सुविधाने डोळे पुसले आणि पुढची भिंत ओढली. तेव्हा मलाही आता रजा द्या. सुविधा मॅडमचे ऑफिस चालू आहे, आणि कामाच्या वेळेत मी तुमच्याशी बोलत बसलो तर ते बरे दिसणार नाही.