रिकामा हलवू नका

मी एक पाळणा बोलतोय. माझ्या गावी मला गहवोरा म्हणतात. तुम्ही निवांत बसा, हलायचं काम माझं.

माझा जन्म ताजिकिस्तानातल्या इस्तरवशनचा, तुतीच्या लाकडातला. सुताराने मला लाल-पिवळा रंग दिला आणि तळाला मधोमध एक भोक ठेवलं. ते कशाला, ते पुढे कळेल. त्या भोकापायी मी परदेशात फार सोसलंय. आमच्या गावी पोराला माझ्यात दोन रुंद पट्ट्यांनी बांधतात, मग आई निवांत तंदूरला रोट्या लावते. सलोमत बीबींच्या घरातली अकरा पोरं माझ्यात वाढली. पुढे तरुण मंडळी रशियाला कामाला गेली, पोरं डायपरात गेली आणि मी माळ्यावर गेलो.

२००६ साली बीबींनी मला माळ्यावरून काढलं ते थेट कॅनडात नेलं. त्यांचा नातू फिरदव्स मिल्टनला राहायचा आणि ग्वेल्फच्या एका बिस्किटांच्या कारखान्यात कामाला जायचा. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. ठरलेलं नव्हतं. मुलगीसुद्धा पाहिलेली नव्हती. पण बीबींचं म्हणणं, एकदा पाळणा घरात आला की बाकीचं आपोआप येतं.

आमच्यात एक नियम फार कडक आहे: रिकामा पाळणा हलवायचा नाही. बाळाला वाईट असतं. बाळ नसलं तर पुढे होणाऱ्या बाळाला वाईट असतं. आता विमानात पाळणा हलणारच, म्हणून बीबींनी माझ्यात एक भलंमोठं खरबूज ठेवून पट्ट्यांनी बांधलं. टोरांटोच्या विमानतळावर तपासनिसाने ते काढून घेतलं, कारण बाहेरचं फळ आत न्यायचं नसतं. बीबी तिथेच फरशीवर बसल्या. रांग खोळंबली. फोनवर दुभाषा गाठला. शेवटी त्या भल्या माणसाने स्वतःची टोपी माझ्यात ठेवली आणि पार्किंगपर्यंत आमच्याबरोबर चालत आला. तिथे फिरदव्सने टोपी परत दिली आणि गाडीतला, काच धुवायच्या पाण्याचा निळा डबा माझ्यात बांधला.

तो डबा मी बेसमेंटमध्ये वर्षभर सांभाळला. एकदाही रडला नाही. पण लळा काही लागला नाही.

बीबींची इच्छा एकच होती. गावी परत जायच्या आधी एक तरी पोर स्वतःच्या हातांनी माझ्यात बांधायचं. फिरदव्स रोज म्हणायचा, "पुढच्या वर्षी बीबी, नक्की." आणि बीबींचा व्हिसा तर येत्या उन्हाळ्यात संपत होता.

शेजारी, भिंतीला भिंत लागून, जयदीप आणि ऊर्मी राहायचे. त्यांना सहा वर्षांची ईशानी होती, आणि आता दुसरी मुलगी झाली होती. बाळंतपणाला जयदीपच्या आई, सुहासिनीबाई, नागपूरहून आल्या होत्या. बारशासाठी जयदीपने बॅटरीवर चालणारा झोका मागवला. जोडला, बटण दाबलं, आणि तो आपला आपण, रिकामाच, डुलायला लागला.

"अरे बंद कर! रिकामा पाळणा हलवतात का मेल्या!"

"आई, चिल! डेमो मोड आहे. बंद होत नाहीये!"

मिल्टनच्या नव्या घरांच्या भिंती पातळ, मला सगळं ऐकू आलं. बीबींना शब्द कळले नाहीत, पण रिकाम्या पाळण्याचा आवाज त्या बरोब्बर ओळखत; नुसत्या मोज्यांवर बर्फातून धावल्या. त्या पोचेपर्यंत सुहासिनीबाईंनी झोक्यात कणकेची पिशवी टाकली होती. बीबींनी वर आपला रुमाल टाकला. मग दोघींनी सुटकेचा श्वास सोडला आणि एकमेकींकडे पाहिलं. भाषा येत नव्हती, पण काळजी एकच होती. बीबींनी सुहासिनीबाईंचा हात धरून त्यांना माझ्यासमोर आणलं. पट्ट्यांनी बांधलेला निळा डबा पाहूनही त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. बाई मला तेव्हाच आवडल्या.

बारसं माझ्यातच करायचं ठरलं. त्या सकाळी मला शेजारी नेलं, तेव्हा जयदीपने माझं भोक पाहिलं. "मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट," म्हणाला, आणि डक्ट टेप लावून मोकळा झाला. माझ्याबरोबर एक कोरीव लाकडी नळीही होती. त्याच्या ऑफिसातला चारुदत्त जुन्या वस्तूंचा शौकीन. "अँटिक स्मोकिंग पाइप!" असं म्हणत त्याने ती तोंडात धरून चार फोटो काढून घेतले. फिरदव्सने सिनेमे पाहून शिकलेल्या हिंदीत हळूच सांगितलं, "भैया, ये बच्चे के सुसू के लिए है. उस छेद से नीचे जाता है." चारुदत्त वॉशरूममध्ये गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

आधी कुंची घातलेला वरवंटा माझ्यात ठेवला. बीबींनी समाधानाने मान हलवली. मग सुहासिनीबाईंनी बाळ घालायचा मान त्यांना दिला.

आमची रीत अशी, की वडीलधारी बाई बाळाला आधी मुद्दाम उलटं ठेवते, पायाच्या जागी डोकं, आणि विचारते, "दुरुस्त?" म्हणजे, बरोबर आहे ना? सगळ्यांनी ओरडायचं, "नाही!" मगच बाळ सुलटं करायचं. वाईट नजर अशी चकवावी लागते.

बीबींनी डायपर काढला, बाळ उलटं ठेवलं आणि विचारलं, "दुरुस्त?"

रीत ठाऊक असलेला फिरदव्स नेमका वॉशरूमच्या दाराशी चारुदत्तची समजूत घालत होता. बाकीच्यांचं म्हणाल, तर बाई वयाने मोठी, त्यातून पाहुणी. तिला चुकलं असं कोण म्हणेल?

"हो हो, अगदी छान!"

"व्हेरी नाइस, बीबी!"

बीबींनी पुन्हा विचारलं. "परफेक्ट!" म्हणून बायकांनी टाळ्या वाजवल्या. बीबींनी तिसऱ्यांदा विचारलं. वर्षभर वाट पाहिली, समुद्र ओलांडला, आणि ही सभ्य माणसं त्यांना पुढे जाऊ देईनात. मी जिवाच्या आकांताने 'नाही' म्हणालो. बाहेर नुसतं करकरलं.

तेवढ्यात ईशानी ओरडली, "नोऽऽ! दॅट्स सो राँग! बेबी इज अपसाइड डाउन!"

"ईशानी! मॅनर्स!" ऊर्मी दटावत होती, पण बीबींनी त्या पोरीचे दोन्ही गाल चुंबले. बाळ सुलटं केलं. पट्ट्या बांधल्या, एक छातीवर, एक पायांवर. दहा मिनिटं बाळ माझ्यात होतं. डक्ट टेप पक्की निघाली, त्यामुळे सगळं माझ्यातच साठलं. मला त्याचं काही वाटलं नाही.

उन्हाळ्यात बीबी गावी परतल्या. मी राहिलो, निळ्या डब्यासकट.

२०१० च्या हिवाळ्यात गावाहून फोन आला, बीबी वारल्या. फिरदव्स खाली येऊन माझ्याजवळ बसून राहिला. मग त्याने डबा काढला, बीबींचा इथे राहिलेला रुमाल घडी करून माझ्यात ठेवला आणि पट्ट्या बांधल्या. मला फार वाईट वाटलं. लाकडाला रडता येत नाही, भेग पडते. एक पडली.

पुढच्याच वर्षी त्याचं लग्न झालं, गावाकडच्याच मुलीशी, आणि वर्षाच्या आत मुलगा झाला. चाळिसाव्या दिवशी कारखान्यातली सगळी मंडळी आली. पण बाळ बांधणार कोण? त्या गल्लीत सर्वांत वडीलधारी बाई एकच होती, सहा महिन्यांच्या व्हिसावर पुन्हा आलेली. सुहासिनीबाईंनी बाळ घेतलं, नीट आठवून आठवून उलटं ठेवलं आणि विचारलं, "दुरुस्त?"

"ब्यूटिफुल!" कारखान्यातला कुणीतरी म्हणाला. मी पुन्हा करकरलो.

आणि मग ईशानी, जयदीप, ऊर्मी, अगदी चारुदत्तसुद्धा, सगळे एका आवाजात गरजले, "नाहीऽऽ!"

सुहासिनीबाईंनी पदराने डोळे पुसले आणि बाळ सुलटं केलं.

आता टेप निघाली आहे. नळी जिथे असायला हवी तिथे आहे. तुमच्या माळ्यावर एखादा पाळणा पडला असेल, तर त्यात काहीतरी ठेवा, निळा डबासुद्धा चालतो. आणि आता हळू पावलांनी जा, पोर नुकतंच झोपलंय. जाताना मला चुकून धक्का लागला तरी घाबरू नका. मी रिकामा नाही.