तुलनेची शाळा

“ममता, बस! आऊट झालीस तू. भिंतीपाशी जाऊन बस बघू.”

प्रमोदिनीने दोनदा सांगितलं, तरी पोरगी थांबेना. टेपमधून ‘टूं’ असा आवाज आला की पलीकडच्या खडूच्या रेघेला पाय लावायचा, पुढचा आवाज व्हायच्या आत अलीकडे यायचं. हळूहळू ते आवाज घाईने यायला लागतात आणि ज्याला रेघ गाठता येत नाही तो बाद होतो. ममता केव्हाच बाद झाली होती. बाकीची पोरं भिंतीला टेकून धापा टाकत होती, टेपसुद्धा बंद केला होता. तरी दोन वेण्या उडवत, लालबुंद तोंडाने ती एकटी धावत होती.

“मावशी, एकदा और! बस, एकदा!”

“अगं, टेस्ट संपली.”

“टेस्ट?” ममता जागच्या जागी थांबली. “मला वाटलं खेळ आहे.”

फरीदाबादच्या हायवेकडच्या त्या शाळेत सहावीच्या वर्गात ममता खिलारे ही एकटीच मराठी मुलगी. वडील मल्हारी खिलारे गिअरच्या कारखान्यात सुपरवायझर, मूळचे सातारा जिल्ह्यातले. मापं घ्यायला आलेल्या बाई मराठी आहेत म्हटल्यावर तिने पहिल्याच दिवशी त्यांना मावशी करून टाकलं. बाकीच्या पोरांची प्रमोदिनी ‘चिमटा आंटी’. दंडावरची चरबी मोजायचा चिमटा तिच्याकडे असायचा आणि तो लावताना गुदगुल्या व्हायच्या.

प्रमोदिनी वजनकाटा पिशवीत भरत असताना ममता जवळ येऊन उभी राहिली.

“मावशी, त्या नहरवाल्या शाळेत रोज खेळायला मिळतं. आमच्या शेजारचा शंभू जातो तिथे. एक सर येतात, बॉल आणतात, रस्सी आणतात. आमच्याकडे का नाही येत?”

“येतील. तुमचा नंबर पुढच्या वर्षी.”

“पक्का?”

“पक्का,” प्रमोदिनी म्हणाली.

ती काही मनचं बोलत नव्हती. डॉक्टर लतिका सबनीसांनी दोन्ही शाळांच्या प्रिन्सिपॉलसमोर तसं कबूल केलं होतं.

प्रमोदिनी लग्न करून नागपूरहून दिल्लीला आली ती आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. नवरा अविनाश मंत्रालयात नोकरीला. बी.एस्सी.ची डिग्री ट्रंकेत गेली, ती मुलगा अंकुर अकरावीला जाईपर्यंत वर आली नाही. पुढे महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात लतिकाबाई भेटल्या. त्या दिल्लीतच वाढलेल्या, एका मेडिकल कॉलेजात डॉक्टर. “घरी बसून काय करतेस, यार? माझ्या प्रोजेक्टला ये,” म्हणाल्या. अशी नव्याण्णव सालच्या पावसाळ्यात बेचाळीस वर्षांची प्रमोदिनी नोकरीला लागली.

दिल्लीच्या भोवती तेव्हा रोज नवे सेक्टर उगवत होते. वडिलांच्या स्कूटरी जाऊन मारुत्या आल्या, घरोघरी केबल आली आणि पोरं शाळेतून आली की सोफ्यावर पडायला लागली. या पोरांना रोज तासभर खेळवलं तर त्यांच्या वजनात, दमसासात, अभ्यासातल्या लक्षात काय फरक पडतो, हे लतिकाबाईंना पाहायचं होतं. त्यासाठी सारख्याच वस्तीतल्या, सारख्याच फीच्या दोन शाळा घेतल्या. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, बाजूची खेळाची शाळा, हायवेकडची तुलनेची. तुलनेच्या शाळेत फक्त मापं घ्यायची, बाकी कशाला हात लावायचा नाही.

“काही म्हणजे काही शिकवायचं नाही,” लतिकाबाईंनी बजावलं होतं. “पळणं चांगलं असतं, एवढंही बोलायचं नाही.”

“पण मॅडम, ती पण पोरंच आहेत.”

“अगं, एकाला औषध द्यायचं आणि दुसऱ्याला नाही, तेव्हाच कळतं ना लागू पडलं की नाही? नाहीतर उद्या लोक म्हणतील, पोरं वाढली म्हणून दम वाढला, त्यात खेळाचं काय? एक वर्ष कळ काढ. मग सगळ्यांनाच देता येईल.”

प्रमोदिनीला ते पटलं होतं. मनापासून पटलं होतं, म्हणून तर तिने ते वर्षभर पाळलं.

पाळणं मात्र सोपं नव्हतं. तुलनेच्या शाळेला मैदान होतं, पण ते सिमेंटचं करून त्यावर शाळेच्या पिवळ्या बसेस उभ्या केल्या होत्या. पी.टी.चा तास गणिताला दिलेला. मापांसाठी बसेस बाहेर काढल्या की पोरं मोकाट सुटायची. त्या दिवशी ती घरून ठेवणीतले बूट घालून यायची. जानेवारीत प्रमोदिनी गेली तेव्हा काम लवकर आटोपलं. प्रोजेक्टच्या व्हॅनचा ड्रायव्हर चहा प्यायला गेला होता, ऊन पडलं होतं आणि अख्खं मैदान रिकामं होतं.

“मावशी, तोपर्यंत पकडापकडी खेळू?” ममताने विचारलं. मागे तिची सगळी पलटण उभी होती.

प्रमोदिनीच्या ओठावर ‘हो’ आलं होतं. दहा मिनिटांनी काय होणार होतं? पण आज दहा मिनिटं दिली तर पुढच्या वेळी अर्धा तास मागतील, आणि मग ज्या आकड्यांसाठी दोन्हीकडची पोरं राबली ते आकडेच खोटे.

“नाही बाळा. क्लासमध्ये जा.”

कुणी हट्ट केला नाही. दोनदोनची रांग करून पोरं आत गेली. त्या रांगेचाच तिला त्रास झाला. गोंधळ घातला असता तर बरं वाटलं असतं.

घरी अंकुर कोचिंगहून येऊन पुस्तकात डोकं खुपसून बसला होता. “ऊठ, जरा खाली जाऊन बॅडमिंटन खेळ,” ती एकदम ओरडली. अंकुर दचकला. “आई, बोर्ड आहे ना पुढच्या साली!” तो म्हणाला. सगळ्यांचंच काहीतरी पुढच्या साली होतं.

वर्ष संपलं. आकडे आले. नहराकडच्या पोरांचा दम वाढला होता, वजनं आटोक्यात होती, आणि खेळण्यात तास जाऊनही मार्क घसरले नव्हते. लतिकाबाईंनी परदेशात जाऊन पेपर वाचला, परत आल्यावर सगळ्यांना समोसे खाऊ घातले. समोसे संपल्यावर प्रमोदिनीने विचारलं,

“मॅडम, आता हायवेकडे खेळाचे सर कधी पाठवायचे?”

लतिकाबाईंनी चष्मा काढला. “फंड थांबलाय गं. देणाऱ्यांना आता दुसऱ्या विषयात इंटरेस्ट आहे. मी दोनदा लिहिलं. नाही म्हणाले.”

“पण आपण कबूल केलं होतं.”

“केलं होतं. मला पण वाईट वाटतं. रिपोर्ट सरकारकडे गेलाय. उद्या सर्क्युलर निघालं तर हजार शाळांत खेळाचा तास होईल. त्यात ही शाळा पण येईल ना?”

“आणि तोवर मी पोरांना काय सांगू?”

“काही सांगू नकोस. कुणी विचारणार नाही.”

हे खरं होतं, आणि तेच प्रमोदिनीच्या मनाला लागून राहिलं. प्रिन्सिपॉल विचारणार नव्हते, आईबाप विचारणार नव्हते. फंडवाल्यांना तर शाळा कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं. ‘पक्का’ म्हणणारी ती एकटी होती.

प्रोजेक्टबरोबर तिची नोकरीही संपली. दोनतीन महिने तिने घरातच काढले. मग एका सकाळी ती पर्स घेऊन निघाली तेव्हा अविनाशने पेपरातून डोकं वर काढलं.

“कुठे?”

“फरीदाबादला. शनिवारी शनिवारी त्या पोरांना खेळवीन म्हणते. प्रिन्सिपॉलना विचारून येते.”

“आता? प्रोजेक्ट संपलं ना?”

“मी त्यांना पक्का म्हटलं होतं.”

“अगं, पोरं विसरूनही गेली असतील.”

“असतील.”

अविनाशने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि पेपराची घडी घातली. “मग लवकर निघ. मथुरा रोडला फार ट्रॅफिक असतो,” म्हणाला.

प्रिन्सिपॉल गुलाटींना आधी काही समजेचना. “मैडम, रिसर्च तो खतम हो गयी?” त्यांनी तीनदा विचारलं. पैसे नकोत, सामान नको, म्हटल्यावर त्यांनी बोट बसेसकडे केलं. या कुठे ठेवायच्या? प्रमोदिनी सरळ ड्रायव्हरांकडे गेली. ते उन्हात पत्ते खेळत बसले होते. तिने हात जोडून विचारलं. त्यातला रामफल नावाचा म्हातारा पानं न टाकता म्हणाला, “बाहर लगा लेंगे, बहनजी. हमें तो धूप ही सेंकनी है.”

पुढच्याच शनिवारी सिमेंटच्या मैदानावर तिने खडूने खो-खोचे चौकोन आखले. बाजारात दोन खांब काही मिळाले नाहीत, तेव्हा दोन टोकांना दोन पोरं उभी केली. सहावीची नवी पोरं आली, सातवीतली जुनी आली. ‘चिमटा आंटी आ गयी’ असा गलका झाला. प्रमोदिनीची नजर मात्र दोन वेण्या शोधत होती.

ममता पायऱ्यांवर बसली होती. प्रमोदिनीने आधी ओळखलंच नाही. पोरगी हातभर उंच झाली होती. सातवीच्या मुलींना सलवार-कमीजचा युनिफॉर्म होता, त्यावरची ओढणी तिने दोन्ही खांद्यांना पिनांनी पक्की केली होती.

“अगं, तू इथे काय करतेस? चल, एक गडी कमी पडतोय.”

“नको, मावशी.”

“का?”

“आई नको म्हणते.” ममताने ओढणी सारखी केली. “आता मी मोठी झाले ना.”

“मी बोलते आईशी.”

“नको मावशी, सच्ची.” ती रागावलेली नव्हती, रुसलेलीही नव्हती. “मला पण आता बरं नाही वाटत पळायला. सगळे बघतात.”

प्रमोदिनी तिथेच उभी राहिली. सांगायला तिच्याजवळ एकच जुना शब्द होता, आणि तो तिने गिळून टाकला. मागून पोरं ओरडली, “आंटी, एक कम है!”

तिने साडीचा पदर कमरेला खोचला, रिकाम्या चौकोनात जाऊन उकिडवी बसली. गुडघे कुरकुरले. तिचं तोंड पायऱ्यांकडे होतं आणि पाठीमागे पोरांच्या पावलांची धडधड चालली होती.

डाव रंगला तशी पोरांना थंडीतही घाम फुटला. एकेकाने स्वेटर काढून पायऱ्यांकडे भिरकावला. ममता उठली. इकडेतिकडे पडलेले सगळे स्वेटर तिने गोळा केले, उलट्या झालेल्या बाह्या सुलट केल्या, आणि एकेकाची घडी घालून आपल्या शेजारी नीट रचून ठेवायला लागली.