मेलेल्या शहाताला तासभर उशीर

उम्म रजबच्या दिवाणखान्यात त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यावर बायका, दारात पुरुष, गॅलरीत अख्खी शेजारची इमारत. मधल्या टेबलावर हिरव्या कापडावर एक जुना फोन ठेवला होता आणि सगळं महल्ला शहर त्या फोनकडे डोळे लावून बसलं होतं. फोन शहाताचा. शहाता कापडगिरणीत मिस्त्री होता आणि चार महिन्यांपूर्वी वारला होता.

पण दर गुरुवारी ठीक पाचला तो बायकोशी बोलायला येत होता म्हणे. पाच ही त्याची गिरणीतून घरी यायची वेळ. पाच वाजले की फोनचा काळा पडदा आपोआप उजळायचा, लिहिण्याची वही उघडायची आणि तिच्यात मजकूर उमटायचा. कोणाचा हात नाही, बोट नाही. आणि फोनात सिमकार्डही नाही! ते शेख तोहामींनी सर्वांसमक्ष काढून उम्म रजबच्या मुठीत दिलं होतं.

"ना सिम, ना इंटरनेट," शेखसाहेब दाढी कुरवाळत म्हणायचे. "आता सांगा, पाठवतो कोण?"

"अल्लाह, अल्लाह!" बायका म्हणायच्या.

हे शेख तोहामी कोण, ते मला चांगलं ठाऊक होतं. माझं नाव रतीबा. बाजारात माझं फोनदुरुस्तीचं दुकान आहे; वडील रेडिओ दुरुस्त करायचे, मी फोन करते, आणि लोक मला 'उस्ता', म्हणजे उस्ताद, म्हणतात. तोहामी सहा वर्षांपूर्वी माझ्याच गल्लीत जुने फोन विकायचा. तेव्हा त्याला दाढी नव्हती आणि मेलेल्यांशी ओळखही नव्हती. आता तो मंतरलेलं पाणी विकतो, बाटलीत काळ्या जिऱ्याचे चार दाणे टाकून.

मृतात्म्याने गप्पा माराव्यात, माझं काय जातं? पण पहिल्या गुरुवारी शहाता म्हणाला, 'सुया कमी कर.' दुसऱ्या गुरुवारी म्हणाला, 'विषाच्या सुया आहेत, शेखसाहेबांचं पाणी पी.' तिसऱ्या गुरुवारी म्हणाला, 'माझ्यावर प्रेम असेल तर सुई सोड.' उम्म रजब गेली अकरा वर्षं इन्सुलिनवर जगते आहे. नवऱ्याचं मानलं तिने. बुधवारी तिची मुलगी विसाम माझ्या दुकानात आली ती रडतच.

"उस्ता, साखर चारशेच्या वर गेलीय. तोंडाला कोरड, सारखी झोप. सुई दाखवली की म्हणते, बाबा रागावतील. काहीतरी कर गं!"

"फोन शेखकडे किती दिवस होता?"

"तीन दिवस. शुद्ध करायला नेला होता."

"आणि परत आला तेव्हा?"

विसामने डोळे पुसले. "बाबांचे सगळे फोटो गेलेले. शेख म्हणाला, मयताने आपल्या आठवणी सोबत नेल्या."

मयताने नेल्या! माझं डोकंच फिरलं. आमच्या धंद्यात असे फोटो कधी उडतात, हे पोरसवदा कारागीरही सांगेल. फोनचं मूळ कुलूप तोडलं की फोन स्वतःला आतून धुऊन काढतो. म्हणून मी गुरुवारी पिशवीत केबल आणि लॅपटॉप टाकून गेले.

पाच वाजले. फोन गप्प.

सव्वापाच झाले. चहाचे ग्लास रिकामे झाले, तुर्मुसच्या दाण्यांची सालं बश्यांत साठली. फोन गप्प. शेखच्या कपाळावर घाम.

"कोणाच्या तरी अंगावर लोखंड आहे," तो डोळे मिटून म्हणाला. "रूह बिचकते."

"माझ्या पिशवीत स्क्रूड्रायव्हर आहे, मौलाना," मी म्हणाले. "बाहेर ठेवते हं. बिचाऱ्याने तीस वर्षं लोखंडी यंत्रं हाकली, मेल्यावर लोखंडाला घाबरायला लागला."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. शेखने माझ्याकडे पाहिलं नाही. साडेपाच, पावणेसहा. जिन्यावरच्या बायका आपल्या पोरांच्या नावाने हाका मारायला लागल्या.

शेवटी शेखने उम्म रजबकडे बोट रोखलं. "बाई, खरं सांग. आज सुई घेतलीस?"

"सकाळी," ती म्हणाली. "पोरीने जबरदस्तीने टोचली."

"बघा! म्हणूनच! शहाता रागावलाय. आज तो येणार नाही. आणि यापुढे सुई घेतलीस तर कधीच येणार नाही."

उम्म रजबने चेहरा ओढणीत लपवला. "नाही घेणार. शपथ. मरेपर्यंत हात नाही लावणार तिला." विसामने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. शेख लगबगीने बाटल्या वाटायला लागला. एवढ्यात टेबलावरचा फोन उजळला.

भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजले होते. वही उघडली. विसामने मोठ्याने वाचलं: 'पाच वाजले, गिरणी सुटली, मी आलो. सुई सोडलीस, मी खूश आहे.'

मग दारातला एक म्हातारा म्हणाला, "अरे पण सहा वाजलेत की!"

"आणि खूश कसा? आत्ता तर रागावला होता ना?" गॅलरीतून आवाज आला.

"मृतांचं घड्याळ वेगळं असतं," शेख घाईने म्हणाला. "तिथला एक दिवस..."

"मौलाना," मी फोन उचलून सगळ्यांना दाखवला, "मृतांचं घड्याळ या फोनच्या घड्याळाशी कसं काय बरोब्बर जुळतं? बघा. यात पाचच वाजलेत."

आता लोकांच्या डोक्यात प्रकाश पडला. गेल्याच शुक्रवारी सरकारने कित्येक वर्षांनी पुन्हा उन्हाळी वेळ आणली आणि देशभरची घड्याळं तासभर पुढे गेली. त्या सकाळी निम्म्या महल्ला शहराची तारांबळ उडाली होती. पण ज्या फोनात सिम नाही आणि इंटरनेट नाही, त्याला नवी वेळ सांगणार कोण? शेखने चमत्काराचा पुरावा म्हणून जे सिम काढलं, त्यानेच त्याचा घात केला. फोनचं घड्याळ तासभर पुढे करायला हा शहाणाही विसरला होता.

"इकडे दे तो फोन! रूहचा अपमान होतोय!" शेख हात पुढे करून उठला.

मी उम्म रजबकडे पाहिलं. फोन तिचा होता. ती पडद्यावरच्या मजकुराकडे बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "एकतीस वर्षांत शहाता पाच मिनिटंही उशिरा आला नाही. वाट बघायला लावणारा माणूस नव्हता तो. उघड, रतीबा."

मी केबल जोडली, लॅपटॉपवर काळी चौकट उघडली. तिच्यात हुकूम टाईप करायचे आणि फोनने ऐकायचे, एवढंच ते. चांगल्या फोनात तिथे डॉलरची खूण येते: म्हणजे तुम्ही भाडेकरू, आपल्या खोलीपुरते. दोन अक्षरं टाईप केली आणि डॉलरच्या जागी उभ्या-आडव्या रेघांची जाळी आली.

"ही घरमालकाची किल्ली," मी म्हणाले. "आमच्यात हिला रूट म्हणतात. ही ज्याच्या हातात, त्याला फोन काही विचारत नाही. पडदा उजळ, वही उघड, हे लिही, मुकाट्याने करतो. शहाता मिस्त्रींनी ही कधी घेतली होती?"

"त्यांना गजरसुद्धा मी लावून द्यायचे," विसाम म्हणाली.

किल्ली कोणाकोणाला दिली याची यादी फोनातच असते. यादीत एकच नाव होतं, ठरल्या वेळी हुकूम चालवणाऱ्या एका प्रोग्रामचं. परवानगी: कायमची. सूचना: बंद. तारीख: फोन शेखच्या घरी 'शुद्ध' होत होता त्यातला दुसरा दिवस. आणि त्या किल्लीने चालणारी एक छोटी फाईल. मी ती सर्वांसमोर वाचायला लागले. गुरुवार, पाच वाजता, अमुक मजकूर. तीन झालेले, एक आजचा.

"थांबा, अजून आहेत," मी म्हणाले. "पुढच्या गुरुवारी शहाता काय म्हणणार, ऐकायचंय? 'अशक्तपणा वाटेल, घाबरू नकोस, विष बाहेर पडतंय.' त्याच्या पुढच्या गुरुवारी: 'डॉक्टरला घरात घेऊ नकोस.' आणि त्यानंतर: 'मी तुला न्यायला येतोय.'"

"पुढे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"पुढे काही लिहिलेलं नाही."

मग एका बाईने पायातली चप्पल काढली, आणि शेख तोहामी बाटल्या तिथेच टाकून जिन्याकडे धावला. जिना बायकांनी भरलेला होता. त्याचं खाली पोचेपर्यंत काय झालं ते मी पाहिलं नाही, ऐकलं मात्र समाधानाने. विसामने तोवर पोलिसांना फोन लावला होता.

उम्म रजब जागची उठली नाही. "रतीबा, फोटो?" तिने विचारलं. "शेवटच्या ईदचे होते. शहाताने सगळ्यांना चौकटीत ओढून काढलेले. ते येतील परत?"

मी खोटं बोलू शकले असते. "नाही येणार, बाई. ते त्याने पुसले. शहाताने काही नेलं नव्हतं."

ती बराच वेळ रडली. या तीन आठवड्यांत ती अशी रडलीच नव्हती, कारण गुरुवारी तो येणार होता. मग तिने बाही वर केली आणि दंड पोरीपुढे धरला.

"टोच," ती म्हणाली.

इतक्या माणसांत एकाही शहाण्याला वाटलं नाही की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघावं आणि फोनकडे बघावं. शेख तोहामीला श्रद्धेची नाही, तुमच्या या आळसाची गरज होती. आमच्या मशिदीचा इमाम पाच वेळा नमाज पढतो आणि दोन वेळा इन्सुलिन घेतो. त्याचा विश्वास काही पातळ झाला नाही. म्हणून सांगते, उद्या तुमच्या घरातली एखादी वस्तू आपोआप बोलायला लागली, तर हात जोडण्याआधी तोंड उघडा. ती याआधी कोणाच्या हातात होती, किती दिवस होती, आणि परत आली तेव्हा तिच्यातलं काय नाहीसं झालं होतं, एवढं विचारा.