सारवलेला स्टो

बयाबाईचा स्वभावच असा, की कुणी आपणहून मदतीला आलं की तिला आधी शंका यायची. न मागता कुणी काही देतं का? आणि देणारा कोण, तर भिंतीपलीकडचा फक्रुद्दीन! शाहूपुरीत कंदील-दिवे दुरुस्त करायचं त्याचं दुकान. त्याच्या पत्र्याचं पाणी हिच्या परड्यात पडतं म्हणून दोन पावसाळे दोघांत धड बोलणं नव्हतं. आणि आज तोच माणूस पितळेचा चकचकीत स्टो काखेत मारून दारात उभा होता.

"आक्का, ह्यो घ्या. काम झालं की परत द्या. भाडंबिडं काय नगं."

"आन् मला इस्टो पायजे म्हणून तुला कुणी सांगितलं?"

"भिंतीपल्याड समदं ऐकाय येतंय की."

ऐकायला आलं होतं ते पत्र. बयाबाईचा एकुलता एक ज्ञानू बसऱ्याकडं लढाईवर होता. गल्लीतला आकाराम त्याच्याच पलटणीतला. तो रजेवर येताना पत्र घेऊन आला आणि त्यानंच ते मोठ्यानं वाचून दाखवलं. ज्ञानूच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, दात हलायला लागले होते. डॉक्टर म्हणत होता आंबट खा, पण तिथं आंबट आणायचं कुठनं? गेल्या साली बयाबाईनं मोरावळा धाडला होता. साखर मिळेना म्हणून पाक पातळ राहिला, आणि बोटीवरच बरणी फसफसून फुटली. लेकाच्या तोंडी एक आवळाही लागला नाही, हे तिला वर्षभर खात होतं.

यंदा आकारामनं पलटणीच्या दवाखान्यात पाहिलेली रीत सांगितली. मोरावळा बाटल्यांत भरायचा, त्या तासभर उकळत्या पाण्यात ठेवायच्या आणि गरम आहेत तोवरच बुचावर लाख ओतायची. गगनबावड्याचे आवळे आले, मोरावळाही झाला, पण बाटल्यांचं काम चुलीवर जमेना. जाळ कमीजास्त झाला की काच तडकायची. दोन बाटल्या तशाच गेल्या, त्यांचा आवाज भिंतीपलीकडंही गेला, आणि आकारामची परतीची गाडी तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळची. म्हणून बयाबाईनं नाक मुरडतच स्टो ठेवून घेतला. मात्र राकेलवर चालणारी ती विलायती वस्तू स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही, हे तिनं आधीच बजावलं.

"भाईर परड्यातच बरं," फक्रुद्दीन म्हणाला, आणि कामाला लागला.

त्यानं फरशीचा तुकडा मांडला. वारा लागू नये म्हणून तीन बाजूंनी पत्रे उभे केले. बाटल्या तळाला टेकू नयेत म्हणून मोठ्या पातेल्यात जाड फडकं अंथरलं. मग स्टोच्या वाटीत राकेल ओतून काडी लावली, पंप मारला, आणि निळा जाळ घरघर करत उठला.

"ह्या मधल्या भोकाला जपायचं, आक्का. त्येचा समदा जीव तितंच हाय."

पण बयाबाईचं लक्ष बोलण्याकडं कुठं? तिचा डोळा त्याच्या हातांवर. अंधार पडायला आला म्हणून बाटल्या सकाळवर टाकून, स्टो विझवून जाताना त्यानं काहीतरी बारीकसं उचलून बंडीच्या खिशात टाकलं, ते तिनं बरोबर टिपलं. उगीच नाही हा फुकट द्यायला आला, ह्यात काहीतरी काळंबेरं आहे, अशी तिची खात्रीच झाली.

सकाळी तिनं परडं झाडून सारवलं. नवी चूल सारवल्याशिवाय पेटवायची नाही ही तिच्या घरची रीत, आणि ह्या चुलीवर तर लेकाचं औषध व्हायचं होतं. तिनं शेणमातीचं पोतेरं स्टोवरूनही खालपासून वरपर्यंत फिरवलं, माथ्यावर हळदीकुंकू वाहिलं आणि मनोभावे हात जोडले. ते वाळल्यावर वाटीत राकेल ओतलं, काडी लावली, पंप मारला.

स्टो ढिम्म. पुन्हा राकेल, पुन्हा काडी, पुन्हा पंप. असं करता करता दुपार कलली. बाटल्या पातेल्यात गार पाण्यात उभ्या, आणि तिकडं आकारामची ट्रंक बांधून तयार. बयाबाईला रडू फुटायचंच बाकी होतं. तेवढ्यात तिला तो खिसा आठवला.

"फक्रुद्दीन! भाईर ये!" ती भिंतीशी जाऊन ओरडली. "इस्टोतलं काय काढून न्हेलंस? पाण्याच्या भांडणाचा राग माझ्या पोरावर काढतोस व्हय? खिसा दाव तुजा!"

गल्ली गोळा झाली. आकारामही धावत आला. फक्रुद्दीननं परड्यात येऊन सगळ्यांसमोर खिसा उलटा केला. आत पत्र्याच्या पट्टीला बसवलेली केसाएवढी तार होती.

"पिन हाय, आक्का. भोक साफ करायची. एकच हाय, दुकानात लागती म्हणून न्हेली."

तो स्टोपाशी बसला. पिन भोकात घातली, फुंकर मारली. त्याच्या तळहातावर भाजलेल्या शेणमातीचे कण पडले, त्यात पिवळी हळद आणि लाल कुंकू. त्यानं ते पाहिलं, बयाबाईकडं पाहिलं आणि मूठ मिटली.

"माझीच चूक," तो लोकांना म्हणाला. "भोक साफ कराय इसरलो."

त्यानं काडी लावली आणि निळा जाळ घरघरला. लोक परतू लागले. "ह्येची कामं असलीच," असं जाता जाता कुणीतरी म्हणालं. बयाबाईनं ते ऐकलं. त्या मिटलेल्या मुठीत काय आहे हे तिनं पाहिलं होतं. लाजेनं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण ओरडून आळ घेतला होता, तो पुटपुटत मागं घेणं तिच्या रक्तात नव्हतं.

"थांबा की समदी!" ती तितक्याच मोठ्यानं ओरडली. "त्येची चूक न्हाय. मी सारवला त्यो इस्टो! चुलीवानी सारवला, भोक बुजवलं, आन् नाव त्येचं घेतलं!"

आकाराम फसकन हसला, त्याच्यामागून अख्खी गल्ली हसली. फक्रुद्दीन सगळ्यांत शेवटी हसला.

बाटल्या तासभर उकळल्या, एकही तडकली नाही. बयाबाईनं फडक्यात धरून एकेक बाटली पुढं केली आणि फक्रुद्दीननं बुचावर लाख ओतली. कालपर्यंत तिनं त्याचा हात मोरावळ्याच्या बाटलीला लागू दिला नसता.

आकारामनं बाटल्या कपड्यांत गुंडाळून ट्रंकेत रचल्या.

"बयामावशी, ज्ञानूला काय सांगू?"

"सांग, तुज्या आयनं इस्टो सारवला म्हणून. हसंल त्यो." तिनं पदरानं डोळे पुसले. "हसला की त्येचं दात बघ, समदं हायती का. आन् मला कळीव."