घमेल्यातला रोग

थुंकायला रांग लागते, हे वडगाव रासाईनं त्या थंडीत पहिल्यांदा पाहिलं. नदीकाठच्या देवीच्या देवळासमोर मांडव, मांडवात स्पीकर, आणि स्पीकरवर गुळणीबाबाचा आवाज.

"खळाखळा फिरवा! घशातला राक्षस हलवा! आन् थुंका आईचं नाव घेऊन!"

भक्त पिवळं तीर्थ तोंडात घोळवून समोरच्या घमेल्यातल्या पाण्यात थुंकायचा. थुंकी पडायची पिवळी आणि डोळ्यांदेखत व्हायची लालभडक. बायका तोंडाला पदर लावायच्या. "रोग भायेर पडला!" बाबा गरजायचा. चेला लगोलग ते घमेलं उचलून दुसरं मांडायचा. सर्दी, पडसं, टॉन्सिल, बसलेला आवाज, सगळ्यांवर हीच मात्रा. ठणठणीत माणसानं गुळण्या केल्या तर वर्षभर शिंक येणार नाही, ही हमी वेगळी.

सुषमा रांगेत होती ती सासऱ्यांच्या, हरिबांच्या, शब्दाखातर. नवरा रांजणगावला कंपनीत, घरात शब्द चालायचा तो हरिबांचाच. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाचा, सार्थकचा घसा सुजला होता, अंगात ताप होता. दवाखान्यातल्या गोळ्या नुकत्याच सुरू केल्या होत्या. बरं वाटलं तरी सगळ्या संपवायच्या, असं तिला बजावून सांगितलं होतं.

सार्थकची लाल थुंकी बाबानं मांडवभर दाखवली. मग विचारलं, "गोळ्या चालू हायेत?"

"व्हय, महाराज," हरिबा म्हणाले.

"म्हणूनच रोग अडून बसलाय! गोळी आन् गुळणी एका घशात नांदत न्हाईत. भीमामाईला अर्पण करा!"

हरिबांनी सुनेच्या पिशवीतून गोळ्या काढल्या, नदीत सोडल्या आणि वर हात जोडले. चारचौघांत सासऱ्यांना अडवणं सुषमाला जमलं नाही.

गुळण्यांच्या तिसऱ्या दिवशी सार्थकची थुंकी पिवळीच राहिली. "घसा निर्मळ!" बाबानं पोराला उचलून घेतलं. ताप उतरला होता, घास गिळता येत होता. हरिबांनी नारळाचं तोरण वाहिलं आणि बाबाच्या बॅनरवर सार्थकचा हसरा फोटो लागला.

दोन-तीन आठवड्यांनी सार्थकचा गुडघा सुजला.

"पळताना मुरगळला असंल," हरिबा म्हणाले. "हळद-चुना लाव."

मुरगळीवर त्या भागात घरोघरी हाच लेप. सुषमानं वाटीत हळद कालवली, सासऱ्यांच्या तंबाखूच्या डबीतला चुना त्यात घातला आणि बोट फिरवलं. हळद लालभडक झाली.

तिचं बोट वाटीतच थांबलं. हा लाल रंग तिनं लहानपणापासून पाहिला होता. गावातल्या झाडून सगळ्या बायकांनी पाहिला होता. आणि त्याच बायका मांडवात तोंडाला पदर लावून उभ्या होत्या! काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! तिनं चुना पाण्यात कालवून निवळू दिला, वरचं नितळ पाणी म्हणजे निवळी ताटात ओतली, हळदीच्या पाण्याची चूळ भरली आणि त्यात थुंकली. तिला ना खोकला, ना पडसं. तरी थुंकी लाल झाली. स्वतःच्या अकलेचा तिला इतका संताप आला, की ताट तिनं अंगणात भिरकावलं.

सकाळी गुडघ्याची सूज ओसरली होती आणि दुसऱ्या पायाचा घोटा सुजला होता. मुरगळ अशी चालत फिरत नाही. कुणाला न विचारता तिनं पोराला घेऊन दौंड गाठलं.

डॉक्टरांनी सार्थकच्या छातीला नळी लावली ती बराच वेळ काढलीच नाही. तपासण्या झाल्या.

"घशातले जंतू पुरते मेले नव्हते," ते म्हणाले. "त्यातून सांध्यांचा ताप आलाय आणि हृदयाच्या झडपेला इजा झालीय. गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या?"

"गुळण्या केल्या हुत्या," सुषमा कशीबशी म्हणाली.

"गुळण्यांनी घशाला आराम पडतो, बाई. हे जंतू त्यानं मरत नाहीत. ताप आपोआपही उतरतो, जंतू आत राहतात. आता इंजेक्शनं, तीही वर्षानुवर्षं."

पुढच्या आठवड्यात ती मांडवात शिरली. "या माउली! आपल्या सार्थकची आई!" बाबानं हौसेनं माईक पुढं केला.

"माझा घसा ठणठणीत हाय," ती म्हणाली. "तरी बघा." बाबाचंच तीर्थ तोंडात घेऊन ती घमेल्यात थुंकली. लाल. मग घरून आणलेल्या परातीत नळाचं पाणी ओतलं आणि पुन्हा तेच तीर्थ तोंडात घेऊन त्यात थुंकली. पिवळं.

"तीर्थ म्हंजी हळद. घमेल्यात चुन्याची निवळी. रोग घशात न्हाई, घमेल्यात हाय! तिसऱ्या दिवशी निवळी घालायची न्हाई, की झाला घसा निर्मळ!"

"पाखंडी बाई! आईचा कोप हुईल!"

"आनखी काय व्हायचं ऱ्हायलंय? माझ्या पोराच्या काळजाची झडप गेलीय!"

चेल्यानं स्पीकर बंद केला. लोक घमेल्यात वाकून बघेपर्यंत बाबाची गाडी सुरूही झाली. गाडीला कुणी अडवलं नाही.

"पर सुषमा," शेजारची चांगुणा पुटपुटली, "ताप तर उतरला हुता की गं."

हरिबाही मांडवात येऊन बसले होते. "मी नातवासाठीच केलं, पोरी."

"ठावं हाय, मामा. म्हणूनच त्याचं फावलं," ती म्हणाली. मग बायकांकडं वळली. "घसा दुखला तर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या खुशाल करा, बरं वाटंल. पर ताप आला तर डॉक्टर गाठा, आन् दिलेल्या गोळ्या संपवा. बरं वाटणं येगळं, बरं होणं येगळं. एवढं कळायला माझ्या पोराचं काळीज लागलं."